पाटीवरचे बारा तारे
(नभोवाणीवरून केलेले भाषण)



श्रावणात कानबाईचे रोट जवळ आले, म्हणजे आमच्या चोपड्याच्या बसस्थानकासमोर पाय ठेवायला जागा उरत नाही. सुरतेच्या कापडबाजारात आणि यंत्रमागांवर पोट भरण्यासाठी गेलेली खानदेशी माणसे या दिवसांत मुलाबाळांसह गावी परततात. त्यांच्या जीजे-पाच पासिंगच्या मोटारी, वरल्या-सेंधव्याकडून सातपुडा उतरून आलेल्या एमपी-शेहेचाळीसच्या जीपा आणि आमच्या घरच्या एमएच-एकोणीसच्या फटफट्या, अशी तीन राज्यांची एकच जत्रा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर काही काळ अडकून पडते. ‘पासिंग’ हा शब्द कोणत्याही कोशकाराने या अर्थाने नोंदविला असेल असे मला वाटत नाही. परंतु आमच्याकडे माणसाला जसे प्रथम गाव विचारतात, तसे गाडीला पासिंग विचारतात, आणि त्या दोन अक्षरांवरून व दोन आकड्यांवरून गाडीचा मुलूख, आणि पुष्कळदा मालकाचा स्वभावही, ताडण्याचा प्रयत्न करतात.

अशाच एका गर्दीत, किराण्याची पिशवी सांभाळीत उभा असताना, माझ्यापुढे एक पांढरीशुभ्र मोटार येऊन थांबली. तिच्या मागील पाटीच्या डाव्या कडेला निळी पट्टी होती, त्या पट्टीत बारा पिवळ्या ताऱ्यांचे वर्तुळ होते, आणि वर्तुळाखाली जर्मनी देशाचे निदर्शक असे ‘डी’ हे इंग्रजी अक्षर होते. पुढे जी अक्षरे होती ती इतकी अरुंद आणि एकमेकांना इतकी खेटून उभी होती, की एकोणीसमधील नऊ संपून पुढचे अक्षर कोठे सुरू होते, हे मला चष्मा पुसूनही उमगले नाही. माझ्या शेजारी चहार्डीकडचे एक वृद्ध शेतकरी उभे होते. त्यांनी पाटी पाहिली, गाडी पाहिली, आणि मला विचारले, “भाऊ, यामा नंबर कोठे शे?”

तहसील कचेरीत कारकुनी करण्यात माझी बत्तीस वर्षे गेली असल्यामुळे, न वाचता येणाऱ्या सरकारी लिखाणाविषयी मला एक प्रकारची व्यावसायिक आस्था आहे. मी गाडीच्या मालकाकडे चौकशी केली. तो सुशिक्षित, सालस तरुण होता. “काका, युरोपियन स्टाइल आहे,” तो म्हणाला. “ऑनलाइन मागवली. खालची पाटी ओरिजिनलच आहे, हे नुसते वरून कव्हर आहे.” आणि खरोखरच, ती ताऱ्यांची नक्षी एका पारदर्शक प्लास्टिकच्या झाकणावर छापलेली होती, अंकही त्यावरच नव्याने चिकटविलेले होते, आणि सरकारने दिलेली पाटी त्याच्याखाली, पडदानशीन बाईसारखी, अस्पष्ट दिसत होती.

हे झाकण चौकटीसह बसविणारे रेडियमचे दुकान तेथून चार पावलांवर होते. दुकान चालविणारा मुलगा विशीतला; पण त्याच्या बोटांत असे कसब, की पातळ पात्याने रेडियमचा कागद कापून, सुईच्या टोकाने त्यातील नको तो भाग उचलून, एखाद्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर सप्तशृंगीमाता तो घटकाभरात उभी करतो. त्याने मला जे सांगितले ते कोणत्याही परिपत्रकात नाही. जर्मन पाटी पाचशे वीस मिलीमीटर लांब आणि एकशे दहा उंच; आपली मोटारीची लांब पाटी पाचशे लांब आणि एकशे वीस उंच. “काका, दहा मिलीमीटरचा घोळ आहे,” तो म्हणाला. “आडवी चौकट ढिली पडते, उभी पाटी मावत नाही.” मग तो काय करतो? पाटीची खालची कड चौकटीच्या ओठाखाली दडपून देतो. आता त्या खालच्या कडेलाच, डाव्या कोपऱ्यात, लेसर किरणांनी कोरलेला दहा अक्षर-अंकांचा कायम क्रमांक असतो; तो गेला. वरच्या कोपऱ्यात वीस मिलीमीटरचे अशोकचक्र, जे प्रकाशात चमकते, त्यावर नेमके बारा तारे येऊन बसले. आणि मध्ये निळ्या रंगात आपल्या देशाची ‘आयएनडी’ ही तीन अक्षरे असतात, त्यांवर जर्मनीचे ‘डी’ आरूढ झाले. सरकारने दिलेली निळाई झाकून वर परकी निळाई पैसे मोजून लावणारा हा तरुण त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही.

घरी येऊन मी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील पन्नासावा आणि एक्कावन्नावा नियम वाचून काढला. चारचाकीच्या पाटीवरील अक्षराची उंची पासष्ट मिलीमीटर, त्याच्या रेघेची जाडी दहा, आणि दोन अक्षरांमधील अंतर दहा. दुचाकीच्या मागल्या पाटीवर हीच मापे पस्तीस, सात आणि पाच. खासगी वाहनास पांढऱ्यावर काळी अक्षरे, भाड्याच्या वाहनास पिवळ्यावर काळी, विजेवर चालणाऱ्यास हिरवी पाटी. अक्षरे रोमन, अंक आंतरराष्ट्रीय. रिकाम्या जागेचेसुद्धा माप ठरवून देणारा हा नियम वाचताना प्रथम हसू येते. परंतु ताशी ऐंशी मैलांच्या नव्हे, साध्या ऐंशी किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे सरकते, हे ध्यानी घेतले म्हणजे वाचणाऱ्याच्या वाट्याला जो पळभर येतो, त्यात ती दहा मिलीमीटरची मोकळी जागाच अक्षराला अक्षरापासून वेगळे ठेवते, हे पटते.

२००१ साली या नियमांत उच्च सुरक्षा पाटीची, म्हणजे एचएसआरपीची, तरतूद झाली. १ एप्रिल २०१९ पासून नवी गाडी ती लावूनच रस्त्यावर येते. आणि त्यापूर्वीच्या जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०२५ सालची जी मुदत घातली ती पुढे पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. मुदतवाढ हा शब्द ज्याला परका वाटतो, त्याने कचेरीत नोकरी केलेली नाही. ही पाटी एक मिलीमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असते, अक्षरांवरच्या पटलात तिरकस ‘इंडिया’ असा मजकूर असतो, आणि ती एकदाच बसणाऱ्या कुलपी खिळ्यांनी गाडीवर जडतात. खिळा उपटला तर तो मोडतो, पुन्हा लागत नाही. अशा पाटीवर वेगळ्या वळणाचे अंक, चित्र, नाव किंवा तारे लावणे म्हणजे ठरल्या नमुन्याहून भिन्न पाटी लावणे होय, आणि मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमाखाली त्यास पहिल्या खेपेस पाचशे आणि पुढील खेपांस दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जी साधी काळी चौकट पाटीचे एकही चिन्ह झाकीत नाही, तिच्यासाठी कोणी भांडू नये, असे माझे मत आहे. परंतु दुसऱ्याचा क्रमांक लावणे, अथवा तिनाचा आठ करणे, ही हौस राहत नाही, ती फसवणूक होते, आणि प्रकरण पावती फाडण्यावरून फौजदारीवर जाते. आता तर चौकाचौकांत यंत्राचे डोळे बसले आहेत. तिनाचा आठ झालेल्या गाडीची पावती ज्याने कधी जळगावचा सिग्नल ओलांडला नाही अशा एखाद्या यावलच्या मास्तरांच्या मोबाइलवर येऊन पडते, आणि मग आपण तेथे नव्हतो हे सिद्ध करण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडते.

या पाटीचे मूळ शोधू गेल्यास ते पॅरिस शहरी सापडते. १८९३ च्या ऑगस्टमध्ये तेथील पोलीस खात्याने मोटारींवर मालकाचे नाव, ठिकाण आणि क्रमांक यांची धातूची पाटी असावी असा हुकूम काढला. विलायतेत १९०३ च्या कायद्याने क्रमांक आले, आणि हिंदुस्थानात १९१४ साली मोटार वाहनांचा पहिला देशव्यापी कायदा झाला. पण या इतिहासापेक्षा मला जर्मनीतील एक चाल अधिक बोलकी वाटते. तेथेही पाटी खासगी दुकानदारच करून देतो. नोंदणी कचेरीच्या आसपास अशी दुकाने असतात. परंतु दुकानातून आणलेली ती पाटी नुसता पत्रा असते. कचेरीत नेल्यावर तेथील अंमलदार तीवर एक लहानशी वाटोळी मोहोर चिकटवतो, तेव्हा ती पाटी होते. गाडीची नोंद रद्द झाली की ती मोहोर खरवडून काढतात, आणि पाटी पुन्हा पत्रा होते. अमेरिकेतही पुष्कळ राज्यांत, विक्रेत्याने लावलेल्या शोभेच्या चौकटीने राज्याचे नाव किंवा मुदतीची चिकटपट्टी झाकली, तर दंड होतो. म्हणजे आमच्या तरुणाने ज्या मुलखाची नक्कल केली, त्या मुलखात ती नक्कल घेऊन तो गेला असता, तर पहिल्याच नाक्यावर त्याला उतरविले असते.

मोहोर म्हटली की मला बाजार समितीतील वजने आठवतात. कापसाच्या काट्यावरचे लोखंडी माप व्यापाऱ्याचे असते, त्याने पैसे देऊन घेतलेले असते, त्याच्या मुलांना वारसाहक्काने जाते. परंतु वजनमापे निरीक्षकाने त्यावर जो शिक्का ठोकलेला असतो, तो व्यापाऱ्याचा नसतो. तो शिक्का शेतकऱ्यासाठी असतो. व्यापाऱ्याने त्यावर सोन्याचा मुलामा दिला तरी शेतकरी ते माप मानणार नाही. गाडीची पाटी मला तशी वाटते. गाडी तुमची, पत्रा तुमच्या पैशाचा, पण त्यावरचे लिखाण तुमच्यासाठी नाही. तुमचा नंबर तुम्हांला पाठच असतो. ते लिखाण ज्याला तुमचे नाव ठाऊक नाही अशा माणसाच्या नावे आहे.

असा एक माणूस मी पाहिला आहे. गेल्या थंडीत आमच्या आळीत दूध घालणाऱ्या गवळ्याला अडावदच्या रस्त्यावर, उजाडण्यापूर्वी, एका मोटारीने मागून धडक दिली. सायकल खड्ड्यात, कॅन रस्त्यावर, आणि गवळ्याचा डावा हात कोपरात मोडला. जवळच्या केळीच्या बागेत रात्रपाळीला पाणी देणारा एक सालदार धावत आला. त्याने गाडी जाताना पाहिली होती, मागल्या दिव्याच्या उजेडात पाटीही पाहिली होती. पंचनाम्याच्या वेळी त्याला नंबर विचारला, तेव्हा तो बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, निळं होतं. चांदण्या होत्या.” कागदावर ‘अज्ञात वाहन’ असे लिहिले गेले. ती गाडी बसस्थानकासमोर पाहिलेल्या गाडीहून वेगळीच असणार. पण कोणती, हे सांगता येत नाही.

आकड्यांचा लोभ मनुष्याला का सुटतो, हे मला पुरते कळलेले नाही. ४१४१ चा ‘दादा’, २१४ चा ‘राम’, इंग्रजी अंकांतील आठ हजार पंचावन्नचा ‘बॉस’, हे सारे आमच्या रस्त्यांवरून फिरत असतात. सरकारलाही हा लोभ ठाऊक आहे; २०२४ साली चारचाकीच्या एक या क्रमांकाचे शुल्क तीन लाखांवरून पाच लाखांवर गेले, आणि तरी ते भरणारे आहेत. क्रमांक विकत घेणे कायदेशीर आणि त्याचे वळण बदलणे बेकायदेशीर, हा भेद आमच्या गावातील पोरांना समजावून सांगताना माझी जीभ थोडी अडखळते, हे कबूल केले पाहिजे.

आणि दुसरीही एक कबुली. माझ्या स्कूटरवर पंधरा वर्षे देवनागरी अंकांची पाटी होती. ती मी स्वतः तैलरंगाने, वळणदार मोडी-बाळबोध मिश्र हाताने रंगविली होती, आणि एकदा शिरपूर फाट्यावर एका तरुण हवालदाराने तिच्यावर आक्षेप घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मराठी अंक चालत नाहीत काय, असा सवाल मी त्याला भर रस्त्यात टाकला होता. त्याने शांतपणे उत्तर दिले, “काका, मला वाचता येते. गुजरातच्या पोलिसाला येईल का?” मी पावती घेतली, आणि पाटी मात्र बदलली नाही. दोनशे रुपयांचा रंग आणि स्वभाषेचा अभिमान, यांपैकी नेमके काय वाचविण्यासाठी मी हट्ट धरला, ते आज सांगता येत नाही. गवळ्याच्या हाताला प्लास्टर चढले त्या महिन्यात मी उच्च सुरक्षा पाटी बसविणाऱ्या केंद्रावर वेळ घेतली. कारागिराने दोन खिळे दाबले, कट्‌कट् असे दोन आवाज झाले, आणि जुनी पाटी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिली. ती आता परसातल्या माठाखाली ठेवली आहे. तिच्यामुळे माठ हलत नाही.

परवा रेडियमच्या दुकानावरून जाताना त्या ताऱ्यांच्या चौकटीची चौकशी केली. तरुणाने सुरतेला दंड भरला आणि ती परत आणून टाकली, असे मुलगा म्हणाला. त्याने ती फेकली नव्हती. निळी पट्टी, बारा तारे, जर्मनीचे ‘डी’, सारे जसेच्या तसे ठेवून, मधल्या पांढऱ्या जागेत काळ्या रेडियमची सुबक, मोकळी अक्षरे कापून त्याने ती दुकानाच्या दारावर ठोकली होती. रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होते: ‘येथे एचएसआरपी बसवून मिळत नाही.’