चाळणे, शोधणे आणि वाचणे



आपल्या इंदुरातील मराठी घरांतली पुष्कळ मुले हिंदी अथवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांना बोलता येते. वाचताना मात्र ती अक्षराअक्षरावर अडखळतात आणि दुसरे पान उलटण्याआधीच पुस्तक मिटतात. गोडी नाही म्हणून ती वाचत नाहीत, हे मला मान्य नाही. गती नाही, म्हणून गोडी लागत नाही.

इंग्रजीच्या अध्यापनात यावर स्किमिंग आणि स्कॅनिंग असे दोन उपाय सांगतात. पहिल्यासाठी आपल्याकडे ‘चाळणे’ हा नेमका शब्द आहेच; पीठ चाळावे तसे पुस्तक चाळतात. दुसऱ्याला मी ‘शोधवाचन’ म्हणतो. परंतु तिकडचे नियम जसेच्या तसे उचलले तर फसगत होते. परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचा, असे ती पुस्तके सांगतात. आपला निबंधकार पुष्कळदा प्रतिपक्षाचे मत आधी विस्ताराने मांडतो आणि ‘तथापि’ म्हणून मग ते खोडतो. शिवाय मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. केवळ आरंभावर नजर फिरवणारा विद्यार्थी लेखकाच्या मताचा नेमका उलटा अर्थ घेऊन उठतो! म्हणून तीन मिनिटांत निबंध चाळायला देताना मी एकच अट घालतो : ‘पण’, ‘परंतु’, ‘तथापि’ दिसले की ते वाक्य शेवटपर्यंत वाचायचे. मग पुस्तक मिटून लेखकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे.

शोधवाचनाची अडचण निराळी. रोमन लिपीत विशेषनामाचे आद्याक्षर मोठे असल्याने ते डोळ्यांत भरते. देवनागरीत तशी सोय नाही. आकडे दिसतात, पण तेही चकवतात. १८१८ शोधणाऱ्यापुढे जुन्या ग्रंथात शके १७४० उभे राहते. हिंदी कोशाच्या सवयीने मुले ‘क्षय’ हा शब्द ‘क’च्या पोटात शोधतात, काही मराठी कोशांत ‘क्ष’ अगदी अखेरीस असतो. शब्दच नाही, असे म्हणून ती मोकळी होतात.

परीक्षेतील उताऱ्यांनी तर या कौशल्याची थट्टाच केली आहे. प्रश्नातले शब्द उताऱ्यात हुडकायचे आणि ते वाक्य उतरवायचे. अर्थ न कळताही गुण मिळतात. माझ्या प्रश्नांत उताऱ्यातला शब्द सहसा येत नाही. कविता मात्र मी कधीच चाळू देत नाही.

ग्रंथपालांकडे एक मागणी आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे आणि मराठी विश्वकोशाचे खंड शनिवारी दुपारी टेबलावर मांडावेत. प्रश्नांच्या चिठ्ठ्या घेऊन मुलांना आणण्याचे काम माझे.