लंडनमधला सुवर्णदुर्ग : कमोडोर जेम्सची गोष्ट

नेटवर्क बरंय, चला सुरू करूया.

लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथे झाडीत विटांचा एक त्रिकोणी मनोरा उभा आहे, साधारण ६३ फूट उंच. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. आता हे नाव जरा मोठ्याने म्हणून बघा. सेव्हर्नड्रूग... सुवर्णदुर्ग! हो, आपल्या दापोलीजवळच्या हर्णैचा. हा मनोरा १७८४ मध्ये एका विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधून घेतला. तो नवरा म्हणजे कमोडोर विल्यम जेम्स.

जेम्स मूळचा वेल्सचा, साध्या घरातला. पोरवयातच जहाजावर गेला. १७४७ मध्ये तो ‘बॉम्बे मरीन’मध्ये आला. हे राजाचं नौदल नव्हे हं, ईस्ट इंडिया कंपनीचं स्वतःचं. मुंबईच्या व्यापारी जहाजांना राखण देणं हे त्याचं मुख्य काम. चारच वर्षांत, १७५१ मध्ये, जेम्स या आरमाराचा प्रमुख झाला. वय जेमतेम तीस.

समोर कोण? तुळाजी आंग्रे, कान्होजींचा मुलगा. सुवर्णदुर्गपासून विजयदुर्गपर्यंत त्याचा दरारा. इंग्रज त्याला चाचा म्हणायचे. पण त्याच्या बाजूने पाहिलं तर आपल्या पाण्यातून जायचं तर आपला परवाना घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. मात्र तुळाजी पेशव्यांनाही जुमानत नव्हता. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. कोकणातले त्यांचे सरदार रामाजी महादेव यात पुढे होते. करारातलं एक कलम नीट ऐका : समुद्रावरची सूत्रं इंग्रजांकडे.

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर घरातला वाद मिटवायला बाहेरचा व्हेंडर बोलावला, आणि ॲडमिनचा पासवर्डही त्यालाच दिला.

२ एप्रिल १७५५. जेम्स ४४ तोफांचं ‘प्रोटेक्टर’ घेऊन सुवर्णदुर्गावर चालून गेला. तोफगोळ्यांनी किल्ल्यात आग लागली, दारूकोठार उडालं. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांसह सुवर्णदुर्ग पडला. तो मराठ्यांच्या ताब्यात दिला गेला, कारण करारच तसा होता. म्हणजे वरवर पाहिलं तर फायदा आपलाच!

पण खरा तोटा पुढे आहे. जेम्स त्याच वर्षाअखेरीस विजयदुर्गाची टेहळणी करून आला. किल्ल्याचा जेवढा बोलबाला होता तेवढा तो अभेद्य नाही, असं त्याच्या लक्षात आलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह मोठा ताफा घेऊन आले, जेम्सही सोबत होता. बंदरात नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला. इंग्रजांनी विजयदुर्ग लगेच सोडला नाही. त्याच वर्षी पुन्हा करार होऊन तो पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिलं.

किल्ले परत मिळतात. जळालेली गलबतं, घुराबा आणि त्यांवर तयार झालेली माणसं तशी मिळत नाहीत. पेशव्यांनी नंतर स्वतःचं आरमार ठेवलं, पण इंग्रजांना धाक वाटावा असं काही कोकणात उरलं नाही.

जेम्सचं मात्र भलं झालं. १७५९ मध्ये तो पैसा गाठीशी बांधून मायदेशी परतला. खासदार झाला, सर झाला, कंपनीचा अध्यक्षही झाला. १७८३ मध्ये वारला. माणूस कर्तबगार होता, ते नाकारायचं कारण नाही. तो आपल्या मालकाचं काम चोख करत होता. प्रश्न त्याला बोलावणाऱ्यांना विचारायचा.

आणि याचं उत्तर आमच्या वसईत आहे. ३१ डिसेंबर १८०२. पुन्हा घरचं भांडण, या वेळी होळकरांशी. दुसऱ्या बाजीरावाने वसईला तह करून इंग्रजांची फौज पदरी घेतली. १७५५ला समुद्र सोपवला होता, १८०२ला जमीन. पुढे सोळा वर्षांत पेशवाई संपली.

वसईच्या किल्ल्यात आपण प्री-वेडिंग शूट करतो, रील बनवतो. जरूर करा! पण १७३९ला चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसईसोबत ही १८०२ची वसईही लक्षात ठेवा. दोन्ही आपल्याच.

पुढच्या भागात विजयदुर्गाचे आनंदराव धुळप. तोवर हर्णैला गेलात तर बंदरावरून सुवर्णदुर्ग बघा, आणि त्याचं नाव नीट उच्चारा. भेटूया!