संगणकाचे दप्तर आणि बदली कारभारी



ग्वाल्हेर हे दप्तरांचे शहर होय. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी उज्जैनहून राजधानी येथे हलविली आणि कारभाराबरोबर मोडी कागदांचे रुमालही येथे बांधले जाऊ लागले. मध्य प्रदेशाचे महालेखाकार कार्यालय व राजस्व मंडळ आजही याच शहरात आहे. रुमाल नीट बांधलेला असेल तरच कागद सापडतो, हे येथील जुन्या कारकुनास शिकवावे लागत नाही. संगणकाच्या पोटातही असेच एक दप्तर असते.

त्या दप्तरातील कागद म्हणजे फाइल आणि रुमाल म्हणजे डिरेक्टरी. कोणताही प्रोग्राम रुमालास स्वतः हात लावीत नाही. तो कार्यप्रणालीकडे, म्हणजे दप्तरदाराकडे, ठरावीक नमुन्यात अर्ज करतो. या अर्जास सिस्टिम कॉल म्हणतात. अडचण अशी, की प्रत्येक दप्तरदाराचे नमुने निराळे. यूनिक्सवर चालणारा अर्ज विंडोजवर चालेलच असे नाही. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला, की नेमका हवा तो अर्ज तेथे नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ग्नूलिबसारखे संग्रह तयार झाले. मूळ सोय असेल तेथे ते तिचाच उपयोग करतात; नसेल तेथे उपलब्ध साधनांतून बदली कारभारी उभा करतात.

हे काम वाटते तितके सोपे नाही. यूनिक्समध्ये रुमाल उघडणे आणि त्यातील नावे एकामागून एक वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. विंडोजमध्ये मात्र शोध सुरू करतानाच पहिले नाव हाती येते. बदली कारभाऱ्याने ते जपून ठेवले पाहिजे आणि वाचनाची पहिली मागणी येताच दिले पाहिजे. तो विसरला, तर यादीतील पहिलेच नाव गळते आणि कोणास पत्ताही लागत नाही.

नवी डिरेक्टरी निर्माण करण्याचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या यूनिक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र सिस्टिम कॉल नव्हता. विशेषाधिकार असलेला एक प्रोग्राम आधी डिरेक्टरी तयार करी आणि मग तिची मालकी मागणाऱ्याच्या नावे करी. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी लबाड वापरकर्त्याने ती डिरेक्टरी काढून तेथे संकेतशब्दांची फाइल जोडली, तर मालकी त्या फाइलचीच मिळे. १९८३ साली बर्कले विद्यापीठाच्या ४.२ आवृत्तीत हे सर्व काम एकाच सिस्टिम कॉलमध्ये आले आणि ती फट बुजली. कामाचे तुकडे पडले की मध्ये डाव साधला जातो.

आजचा कठीण प्रश्न ‘ओपनअ‍ॅट’ या कॉलचा आहे. आधीच उघडलेल्या एखाद्या डिरेक्टरीच्या आधाराने तिच्यातील फाइल उघडणे, हे त्याचे काम. लिनक्समध्ये तो २००६ साली आला. जेथे तो नाही, तेथे बदली कारभारी स्वतःची चालू जागा टिपून ठेवतो, हव्या त्या डिरेक्टरीत जातो, फाइल उघडतो आणि मूळ जागी परततो. परंतु चालू जागा संपूर्ण प्रोग्रामची एकच असते. त्याच वेळी प्रोग्रामचा दुसरा धागा काम करीत असेल, तर तोही नकळत परक्या खोलीत जाऊन पडतो. म्हणून अनेक धाग्यांच्या प्रोग्रामात ही योजना सुरक्षित नाही.

आणि परतताच आले नाही तर? पुढचा हुकूम फाइली पुसण्याचा असेल, तर भलत्याच फाइली पुसल्या जातील. अशा वेळी ग्नूलिब चूक जाहीर करून प्रोग्राम तेथेच थांबविते. वरवर हे कठोर दिसते. परंतु थांबलेले काम पुन्हा सुरू करता येते, चुकीने पुसलेला कागद मात्र परत मिळेलच असे नाही.

बदली शिक्षक असो वा प्रभारी अधिकारी, त्याच्याकडून लोकांची अपेक्षा हीच असते. मूळ माणसाचे काम त्याने चोख करावे. जे आपल्या अधिकारात किंवा शक्तीत नाही, ते झाले असे भासवू नये. संगणकाच्या दप्तरासही हाच नियम लागू आहे.