मोर्स लिपी : बंगळुरूतील हौशी रेडिओ आणि कौशल्याचे अर्थकारण



बंगळुरूचे नाव निघाले की संगणक आज्ञावलींचा उद्योग आठवतो. या शहराची तांत्रिक जडणघडण मात्र त्याहून जुनी आहे. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढे इस्रोचे उपग्रह केंद्र येथे स्थिरावले आणि दूरसंचाराशी नित्य संबंध असलेला तंत्रज्ञांचा मोठा वर्ग शहरात तयार झाला. कामाचे तास संपल्यावर याच वर्गातील अनेकांनी हौशी रेडिओचा छंद जोपासला. बंगलोर अमॅच्युअर रेडिओ क्लब, नव्या उमेदवारांना प्रशिक्षण देणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हॅम्स आणि उपग्रह केंद्रातील उपग्रह अमॅच्युअर रेडिओ क्लब ही त्याची परिचित नावे. या छंदाच्या परंपरेत पावणेदोनशे वर्षांहून जुनी मोर्स लिपी शिकणे आवश्यक मानले गेले. तारघरातील 'कट्ट-कडकट्ट' तर केव्हाच थांबले. जुलै २०१३ मध्ये भारतातील तार सेवाच बंद झाली. मग ही लिपी शिकण्यासाठी माणसाने आपल्या वेळेचे मोल का द्यावे? प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटतो, पण मुळात तो अर्थशास्त्राचा आहे.

हौशी रेडिओ सेवा म्हणजे आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, स्वयंशिक्षण व तांत्रिक प्रयोगांसाठी परवानाधारक व्यक्तींनी चालविलेले बिनतारी संदेशवहन. भारतात ही सेवा केंद्रीय दूरसंचार खात्याच्या अखत्यारीत येते. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनुसार द्वितीय श्रेणीसाठी मिनिटाला ५ शब्द, तर प्रथम श्रेणीसाठी १२ शब्द या गतीने मोर्स ग्रहण करणे व पाठविणे आवश्यक होते. पाच अक्षरांचा एक शब्द धरला जाई. म्हणजे पाच मिनिटांच्या चाचणीत द्वितीय श्रेणीच्या उमेदवाराला १२५ अक्षरे कानाने टिपावी लागत, प्रथम श्रेणीच्या उमेदवाराला ३००. पुढे श्रेणींची फेररचना होऊन सर्वसाधारण व मर्यादित असे दोनच प्रकार राहिले.

मोर्स लिपीची रचना काटकसरीच्या तत्त्वावर उभी आहे. बिंदू हे कालमापनाचे एकक; रेघ तीन बिंदूंएवढी; अक्षरांमधील विराम तीन एककांचा आणि शब्दांमधील सात एककांचा. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या 'ई' या अक्षराला केवळ एक बिंदू, तर क्वचित येणाऱ्या 'क्यू'ला तब्बल तेरा एकके दिली आहेत. जे वारंवार लागते ते स्वस्त ठेवावे, हा विचार माहितीशास्त्राचा सिद्धान्त मांडला जाण्यापूर्वी कितीतरी वर्षे येथे अमलात आला. गती मोजण्यासाठी 'पॅरिस' हा पन्नास एककांचा शब्द प्रमाण मानतात. त्या हिशेबाने मिनिटाला ५ शब्दांच्या गतीला एक बिंदू ०.२४ सेकंदाचा असतो आणि १२ शब्दांच्या गतीला ०.१ सेकंदाचा.

नवशिक्याची अडचण नेमकी येथे सुरू होते. संथ गतीला तो बिंदू व रेघा मोजतो, मनातल्या तक्त्यात पाहतो आणि अक्षर लिहितो. गती वाढली की मोजायला अवधी उरत नाही आणि मोठ्या कष्टाने पाठ केलेला तक्ता निरुपयोगी ठरतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात विल्यम ब्रायन व नोबल हार्टर यांनी तारमास्तरांच्या शिकण्याचा अभ्यास करून १८९७ व १८९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठविण्याची गती बऱ्यापैकी सातत्याने वाढते. ग्रहणाची गती मात्र एका टप्प्यावर येऊन थबकते आणि दीर्घकाळ सरावानंतरच पुन्हा वर चढते, असे त्यांना आढळले. या सपाट टप्प्यात अक्षरे ओळखण्याची सवय पक्की होत असते. ती झाली की कान अक्षरांऐवजी अखंड शब्द ऐकू लागतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. मानवी भांडवलात केलेली गुंतवणूक प्रत्येक महिन्याला समान परतावा देत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. शिकणे सोडणारे बहुधा याच सपाट टप्प्यावर सोडतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा अनुभव अपरिचित नसावा.

यावर दोन उपाय रूढ झाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांच्या पद्धतीत अक्षरे पहिल्या दिवसापासून पूर्ण गतीने ऐकवली जातात, मात्र प्रारंभी फक्त दोन; ती सुमारे ९० टक्के अचूक आली की तिसरे. फार्न्सवर्थ पद्धतीत अक्षर जलद, पण दोन अक्षरांमधील विराम लांब. दोन्हींचा आशय एकच : अक्षर हा बिंदूंचा हिशेब नसून एक ध्वनी आहे. बहुतांश भारतीय केंद्रांच्या संकेतनामाच्या आरंभी येणारी व्ही व यू ही अक्षरे 'डि-डि-डि-डा', 'डि-डि-डा' अशी तालासारखी कानात बसतात. तबल्याचे बोल ज्याने आधी तोंडाने म्हटले आहेत, त्याला हे अधिक सांगावे लागत नाही.

आता परताव्याकडे वळू. मानवी आवाज प्रक्षेपित करण्यासाठी साधारण २,४०० ते ३,००० हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. मोर्सला सुमारे १५० हर्ट्झ पुरतात. म्हणजे एका संभाषणाच्या जागेत पंधराहून अधिक मोर्स संदेश बसू शकतात. रेडिओ वर्णपट ही मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या काटकसरीचे महत्त्व पटते. शिवाय शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटत असल्याने अल्प शक्तीचा, मोजक्या सुट्या भागांतून घरी जोडलेला प्रक्षेपकही दूरवर पोहोचतो. आयात संचांवर जबर सीमाशुल्क असण्याच्या काळात भारतीय हौशी चालकाला याचा मोठा आधार होता : भांडवलाची उणीव त्याने श्रमाने, म्हणजे कानाच्या शिक्षणाने भरून काढली. ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेला ४२.५ किलोग्रॅमचा हॅमसॅट हाही अशा चालकांसाठीच होता. तो २०१४ पर्यंत कार्यरत राहिला. त्याची मर्यादित शक्ती एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांत वाटली जाई. तेथे संयमाने प्रक्षेपण करणारा सर्वांच्याच उपयोगी पडे.

असे असले तरी उपयुक्तता आणि सक्ती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ३० मेगाहर्ट्झखालील हौशी प्रक्षेपणासाठी मोर्सचे ज्ञान आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक केले, तेव्हा जहाजांचे संकटसंदेश त्याच लिपीत जात. हौशी चालकाला ते समजावेत, यात सार्वजनिक हित होते. १९९९ मध्ये सागरी संकट संदेशवहनाची नवी उपग्रहाधारित व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि सक्तीचा हा आधार ढासळला. २००३ मध्ये जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची अट ठेवायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोपविले. ब्रिटन व जर्मनीने त्याच वर्षी ती काढली, अमेरिकेने २००७ मध्ये. भारताने फेररचनेनंतरही सर्वसाधारण श्रेणीसाठी ती कायम ठेवली. मर्यादित परवाना मात्र मोर्सविना मिळण्याची सोय राहिली.

जुन्या पिढीचा आक्षेप असा की अट गेली की दर्जाही जाईल. या आक्षेपात तथ्य थोडे आणि भावना अधिक आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी चालकांचे पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होते. २६ तारखेच्या त्सुनामीनंतर अंदमानातील नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली, तेव्हा या पथकाने मुख्य भूमीशी संपर्क राखला. हे केवळ मोर्समुळे साधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ते साधले प्रशिक्षित माणसे व सज्ज यंत्रणा जागेवर असल्यामुळे. अशी माणसे लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडे फारच थोडी आहेत आणि प्रवेशाची प्रत्येक अट त्या संख्येच्या तराजूत तोलली पाहिजे.

बंगळुरूतील उमेदवाराला मार्गदर्शक मिळतो, जुना संच हाताळता येतो, सरावाला सोबती असतो. गडचिरोली किंवा बिदरच्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीच सहज लाभत नाही. १९७८ च्या नियमांखाली दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे परीक्षा दरमहा होत, अन्य केंद्रांवर त्याहून विरळ. मोर्सचे ध्वनी ऐकवणारी संगणक आज्ञावली आता विनामूल्य मिळते, त्यामुळे शिकण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला आहे. प्रवासाचा व प्रतीक्षेचा खर्च तसा उतरलेला नाही. धोरणकर्त्यांनी मोर्सच्या अटीवर वाद घालण्याआधी ही विषमता दूर करण्यासाठी परीक्षा उमेदवाराच्या जिल्ह्यापर्यंत न्यावी.