मंडईची वास्तू आणि वारशाचे मोल



वारसा म्हटला की गड, लेणी, मंदिरे आणि राजवाडे डोळ्यांपुढे उभे राहतात. शहराच्या भरवस्तीतील बाजाराची इमारत सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती इतकी नित्याची झालेली असते की, तेथून भाजी घेऊन परतणारा माणूस मान वर करून तिच्याकडे पाहतही नाही. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडई ही अशीच एक वास्तू होय.

मंडई बांधली जाण्यापूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील उघड्या पटांगणात भरत असे. ऊन, पाऊस आणि चिखल यांतच खरेदी-विक्री चाले. १८८६ मध्ये नवी दगडी मंडई सुरू झाली आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. अष्टकोनी मध्यभाग, त्यावरील उंच मनोरा आणि तेथून बाहेर फाकत गेलेली लांब दालने अशी तिची रचना आहे. ही रचना केवळ शोभेची नाही. उंच छपरामुळे गरम हवा वर जाते, खाली गारवा राहतो व नाशवंत माल अधिक काळ टिकतो. प्रवेशाच्या वाटा अनेक असल्यामुळे गर्दी एका ठिकाणी तुंबत नाही. विजेच्या पंख्याचा आधार नसताना बाजाराची सोय कशी साधावी, याचा तो एक बोलका पाठच आहे.

तथापि या वास्तूचे मोल तिच्या दगडांपुरते मर्यादित नाही. १८९० मध्ये स्थापन झालेले पुण्याचे औद्योगिक वस्तुसंग्रहालय आरंभी याच इमारतीत होते. १९२४ मध्ये पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. सभा, चर्चा आणि वादविवाद यांचे हे ठिकाण इतके गाजले की, पुणेकर त्याला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणू लागले.

या मंडईच्या नावामागील इतिहास विशेष विचार करण्यासारखा आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्यास त्यांनी विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी त्यांची भूमिका होती. विरोध करणारा हा सदस्य माळी समाजातील होता. शेतकऱ्याच्या मालाचे आणि कष्टाचे मोल तो पुरते जाणून होता. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी हरकत घेतली, तीच आज त्यांचे नाव धारण करून उभी आहे.

हा केवळ योगायोग मानून सोडून देता येणार नाही. सार्वजनिक पैशाने उभारलेल्या वास्तूचा गरिबाला उपयोग काय, हा जोतीरावांचा प्रश्न होता. जुन्या वास्तूच्या जतनासाठी निधी मागणाऱ्या प्रत्येकाने आजही त्याचे उत्तर दिले पाहिजे. शाळेची खोली गळत असताना जुन्या दगडांवर खर्च कशासाठी, ही शंका गैर नाही. मंडईपुरते तिचे उत्तर असे की, ही इमारत रिकामे स्मारक नाही. तिच्या गाळ्यांवर अनेक कुटुंबांची उपजीविका चालते आणि सामान्य गृहिणीला ताजा भाजीपाला मिळतो. घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी किरकोळ विक्री येथे चालूच राहिली.

म्हणून जतन म्हणजे विक्रेत्यांना बाहेर काढून भिंतींना रंग देणे नव्हे. विक्रेता गेला की उरेल ते केवळ कवच. उलट, विक्रेत्यांच्या सोयीच्या नावाखाली पत्र्याचे आडोसे, मोठ्या जाहिराती आणि लोंबत्या विजेच्या तारा यांनी वास्तू झाकून टाकणे हेही योग्य नव्हे. वास्तू आणि तिच्यातील व्यवसाय या दोहोंचा विचार एकत्रच व्हावयास हवा. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रो मार्गाचे उद्घाटन झाले व मंडई हे त्यावरील एक स्थानक झाले. त्यामुळे या परिसराचे महत्त्व वाढले आहे. तसाच जागेवरील ताणही वाढणार आहे. अशा वेळी मंडईचे नियोजन करताना गाळेधारकांशी आधी विचारविनिमय होणे अगत्याचे आहे.

हा विषय केवळ पुण्याचा नाही. तालुक्याच्या गावची जुनी बाजारपेठ, गावची चावडी, धर्मशाळा, आठवडी बाजाराचा ओटा यांनाही हेच लागू पडते. त्यासाठी आरंभी मोठा निधी लागतोच असे नाही. वास्तू कधी बांधली, कोणत्या कामासाठी वापरली गेली, याची नोंद शाळेतील विद्यार्थी गावातील वृद्धांना विचारून करू शकतात. पावसाळ्यापूर्वी पन्हाळी साफ करणे, भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपे वेळीच काढणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओल कोंडते व भिंत कमकुवत होते, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ हानी टळेल.

आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते पार पाडताना जोतीरावांचा प्रश्न समोर ठेवला, तर वारसा आणि लोकहित यांत निवड करण्याची पाळी सहसा येणार नाही. ज्या वास्तूत शेतकऱ्याचा माल विकला जातो आणि गरिबाची चूल पेटण्याची सोय होते, ती सुस्थितीत राखणे हेही लोकहिताचेच काम आहे.