नावामागची साधना



१९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ मासाताका ओगावा यांनी त्रेचाळिसावे मूलद्रव्य गवसल्याचे घोषित करून त्यास ‘निप्पोनियम’ हे स्वदेशाचे नाव दिले. दावा टिकला नाही; नाव बाद झाले. बाद झालेले नाव पुन्हा देता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

पुढे कोसुके मोरिता यांच्या चमूने बिस्मथवर जस्ताची अणुकेंद्रके वर्षानुवर्षे आदळवून २००४, २००५ आणि २०१२ मध्ये एकशे तेराव्या मूलद्रव्याचा प्रत्येकी एकच अणू सिद्ध केला. २०१६ मध्ये त्याचे ‘निहोनियम’ हे नाव मान्य झाले. निप्पोन आणि निहोन हे एकाच राष्ट्रनामाचे दोन उच्चार!

मित्रहो, स्वदेशाचे नाव कोरण्याची आकांक्षा वंद्यच; परंतु त्याआधी पुरावा निर्दोष हवा. अभिमानाने घाई केली, तर नावच गमवावे लागते.