स्नायूंचे राखीव बियाणे

काळी नदीच्या या काठावर अंगातल्या ताकदीबद्दल बोलायचे म्हणजे डोक्यावरून लाकडाचे भारे वाहणाऱ्यांपुढे आणि राफ्टिंगच्या बोटी वल्हवणाऱ्यांपुढे बोलायचे. पोटभर जेवावे, अंग मोडून काम करावे, ताकद आपोआप येते, हा आपला समज निम्मा खरा आहे. उरलेल्या निम्म्याविषयी माझे म्हणणे असे, की स्नायू कमी पडतात ते केवळ अन्न कमी पडल्याने नव्हे. स्नायू घडवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या पेशींना चिमटीहूनही कमी प्रमाणात लागणारी जीवनसत्त्वे वेळेवर मिळावी लागतात, आणि ही वेळ आपल्या जन्माआधीच सुरू होते.

स्नायूचा तंतू एकदा तयार झाला की त्यातली केंद्रके पुन्हा विभागत नाहीत. मग झीज भरून येते कशी? १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, तंतूला चिकटून पातळ आवरणाखाली बसलेल्या लहान पेशी दिसल्या. सॅटेलाइट पेशी म्हणतात त्या याच, स्नायूंच्या मूळपेशी. एरवी त्या निपचित असतात. इजा झाली की जाग्या होऊन विभागतात. काही तंतूत मिसळतात आणि काही, शेतकरी पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूला काढतो तशा, राखीव राहतात. पेशी विभागायची तर डीएनएची नवी प्रत काढावी लागते, आणि त्या कामाला फोलेट व ब-१२ ही जोडी लागते. ती नसली की काय होते, हे रक्ताने फार आधी दाखवून दिले. डॉ. ल्युसी विल्स १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातल्या पांडुरोगाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे फोलेट ठरले. रक्तपेशी सतत नव्याने बनतात, म्हणून उणीव तिथे लवकर उघडी पडते. स्नायूत ती वर्षानुवर्षे झाकलेली राहू शकते.

कोणी म्हणेल, हे सगळे भुकेचे दुखणे. जीवनसत्त्वांचे नाव कशाला? याचे उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मिळते. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तिथल्या मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याच्या बाळांची चरबी त्या मानाने शाबूत होती; तुटवडा होता तो स्नायूंचा. बाळ दिसायला किडकिडीत, आतून चरबीचे. आणखी महत्त्वाचे म्हणजे, बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती उष्मांक वा प्रथिने खाल्ली याच्याशी फारसा जुळला नाही. जुळला तो पालेभाज्या, फळे आणि दुधाशी. यातल्या बहुसंख्य मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते.

या बाळांच्या मूळपेशी कोणी मोजलेल्या नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. उणिवेपासून मूळपेशींपर्यंतची साखळी मी अनुमानाने जोडतो आहे. पण कड्या भक्कम आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उंदीरमादीच्या आहारातली जीवनसत्त्वे घटवली, तेव्हा पिल्लांत चरबीचे प्रमाण वाढले. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे म्हाताऱ्या उंदरांना ब-३ चा एक प्रकार दिल्यावर त्यांच्या स्नायूंच्या मूळपेशी पुन्हा कामाला लागल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. म्हणून माणसात डोळ्यांना दिसणारे लक्षण घ्या. ड जीवनसत्त्वाची तीव्र उणीव असलेला माणूस जमिनीवरून उठताना आधी तळवे टेकतो, मग गुडघ्यावर हात रोवून स्वतःला वर ढकलतो. मांडी आणि नितंबाचे स्नायू आधी हरतात. घरची मंडळी याला वय म्हणतात किंवा संधिवात. दर वेळी ते तसे नसते.

आम्ही मासे खातो, उन्हात राबतो, असे इथला कोणीही म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण आपल्या जोयडा भागातल्या कंदमुळांचे कौतुक कितीही केले (ते करावेच), तरी त्यांत ब-१२ नाही. भातात नाही, नाचणीत नाही. ते मासे, अंडी, मांस आणि दूध-दह्यातूनच येते. घरात मासळी शिजते आणि सुनेच्या ताटात नुसते कालवण उरते, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. पावसाळ्याचे चार महिने ड जीवनसत्त्व देणारा सूर्यही फारसा दिसत नाही. याचा अर्थ ज्याने त्याने इंजेक्शने घेत सुटावे असा मुळीच नाही. ज्यांना उणीव नाही त्यांचे स्नायू जास्तीच्या मात्रेने बळकट होत नाहीत, आणि ड जीवनसत्त्वाचा अतिरेक मूत्रपिंडांना भोवतो.

खरी गरज आहे ती लग्नाआधीच्या मुलींना आणि गरोदर बायांना. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, ब-१२ नसते. पुण्याच्या अभ्यासात ज्या मातांचे फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. ती गोळी सोडू नका. मात्र आरोग्य केंद्रात ती घेताना ब-१२ चे काय, एवढे विचारा, आणि घरी मासळीचा तुकडा किंवा दह्याची वाटी आधी या मुलीबायांच्या ताटात वाढा.